रस्ता रुंद हवा, वेग मात्र नको

जळगाव आणि धुळ्यात रस्त्यांबद्दलच्या दोन मागण्या वर्षानुवर्षं एका दमात ऐकू येतात. रस्ता रुंद करा, गुळगुळीत करा, ही पहिली. आमच्या घरासमोर गतिरोधक टाकून द्या, ही दुसरी. दोन्ही करणारा माणूस बहुतेक वेळा एकच असतो आणि त्यात त्याचं फारसं चुकतही नाही. खड्ड्यांनी पाठ खिळखिळी झाली की त्याला डांबर हवं असतं. डांबर पडलं आणि कोपऱ्यावरून भरधाव दुचाक्या सुटू लागल्या की अडथळा हवा असतो. जळगावात अमृत योजनेच्या पाइपलाइनसाठी कॉलन्यांमधले रस्ते अनेक वर्षं उखडलेले होते. धुळ्याच्या देवपुरात भुयारी गटारीच्या कामानं तीच गत केली. त्या दिवसांत गतिरोधकाची आठवण कोणाला यावी? चाऱ्या आणि खड्डे ते काम फुकटात करत होते. खरी कुरबुर नवा रस्ता झाल्यावर सुरू होते.

या कुरबुरीला सरकारी उत्तरंही ठरलेली. महापालिका म्हणते, रस्ता आमचा नाही, बांधकाम विभागाचा आहे. बांधकाम विभाग म्हणतो, वाहतूक पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात, आमच्याकडे माणसं कमी, आणि गतिरोधक बांधणं आमचं काम नाही. रहिवासी चार दिवस वाट पाहतात आणि मग एका रात्री गल्लीच्या तोंडाशी सिमेंटचा एक ओबडधोबड उंचवटा उगवतो. कोणी बांधला ते सगळ्यांना माहीत असतं, कागदावर मात्र कुठेच नसतं.

हाच पेच मोठ्या मापात पाहायचा असेल तर जळगावचा महामार्ग पाहावा. पूर्वी हाजिरा ते कोलकाता जाणारा 6 क्रमांकाचा आणि नव्या क्रमवारीत 53 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग इथे शहराच्या पोटातून जातो. एकेकाळी तो शहराच्या कडेनं जात होता. पुढे शहर वाढलं, महामार्गापलीकडे वसाहतींमागून वसाहती उभ्या राहिल्या आणि कडेचा रस्ता मधोमध आला. बाजार, रेल्वे स्टेशन, शाळा एकीकडे आणि घर दुसरीकडे, अशी हजारो कुटुंबांची विभागणी झाली. खोटेनगरपासून कालिंका माता मंदिरापर्यंतच्या पट्ट्यात शाळकरी मुलांच्या सायकली, भाजीच्या हातगाड्या, रिक्षा आणि परप्रांतातले सोळा चाकी ट्रक एकाच डांबरावर जागेसाठी भांडत राहिले. माणसं मरत राहिली.

जळगावकरांनी त्यावर जी मागणी धरून ठेवली ती वरवर पाहता उलटी वाटते. त्यांनी कमी रस्ता मागितला नाही, जास्त मागितला. महामार्गाच्या दोन्ही अंगांना समांतर रस्ते करा, ही ती मागणी. समांतर रस्ते कृती समिती उभी राहिली, 2018 मध्ये रास्ता रोको आणि साखळी उपोषणं झाली, जिल्हा प्रशासन आणि महामार्ग प्राधिकरणाला निवेदनांवर निवेदनं गेली. मागणी उलटी वाटली तरी तर्क सरळ होता. धोका नुसत्या वेगात नसतो, वेगांच्या सरमिसळीत असतो. ताशी पंधरा किलोमीटरनं जाणारी सायकल आणि साठनं जाणारा ट्रक यांना एकाच पट्ट्यात ठेवलं की सावधपणाची सगळी जबाबदारी सायकलवाल्यावर येते. ज्याला शेजारच्या चौकापर्यंतच जायचंय, त्याला महामार्गावर चढायलाच लागू नये, एवढंच लोक मागत होते.

पुढे शहरातल्या या पट्ट्याचं चौपदरीकरण झालं. प्रभात चौकासारख्या ठिकाणी भुयारी मार्ग आले. आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक आणि अजिंठा चौफुली इथे वर्तुळं बांधली गेली. वाद मिटला का? नाही, त्यानं चौक बदलला. आता तो वर्तुळांच्या आकारावर आणि भुयारी मार्ग नेमके कुठे हवे होते यावर आला.

वर्तुळाची गंमत अशी की ते नीट बांधलं तर वाहतूक शांत करण्याचं त्याच्याइतकं चांगलं साधन दुसरं नाही. चार रस्ते जिथे सरळ एकमेकांना छेदतात तिथे दोन गाड्यांच्या मार्गांची गाठ पडण्याच्या 32 जागा असतात. एकपदरी वर्तुळात त्या आठावर येतात. शिवाय समोरासमोरची किंवा काटकोनातली धडक जवळजवळ अशक्य होते. मात्र त्यासाठी दोन अटी आहेत. वर्तुळात शिरताना गाडीला खरोखर वळावं लागलं पाहिजे, नाहीतर ड्रायव्हर ॲक्सिलरेटरवरचा पाय न काढता निघून जातो. आणि वर्तुळात आधीपासून फिरणाऱ्याला वाट दिली पाहिजे. 2017 च्या मोटार वाहन चालन विनियमांत हा दुसरा नियम स्पष्ट लिहिलेला आहे. अजिंठा चौफुलीवर उभं राहून तो किती जण पाळतात ते मोजण्याचा खेळ कोणीही खेळू शकतो; लवकर कंटाळा येईल. पायी चालणाऱ्याचं तर वेगळंच दुखणं. वर्तुळ जितकं मोठं तितका त्याचा वळसा मोठा आणि रस्ता ओलांडायची जागा तितकी अनिश्चित.

याच महामार्गावर, जळगावच्या पूर्वेला, अमरावती ते अकोला यांदरम्यान जून 2022 मध्ये 75 किलोमीटर लांबीचा एक पदरी डांबरी पट्टा सलग 105 तास 33 मिनिटांत अंथरला गेला आणि गिनेस बुकात त्याची नोंद झाली. तरसोद ते फागणे हा जळगाव-धुळ्याकडचा टप्पा मात्र वर्षानुवर्षं रेंगाळला. डांबर पसरायला वेळ लागत नाही, हे सिद्धच झालंय. वेळ लागतो तो जमीन, पूल, वळणरस्ता आणि लोक जिथे राहतात तिथे रस्त्यानं कसं वागायचं हे ठरवायला.

आता वेगाचं गणित, कारण ते माहीत नसेल तर कॉलनीतल्या बैठका नुसत्या आरडाओरड्यात संपतात.

धावत्या गाडीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला तर धडकेची ताकद चौपट. समजा, एक पोर चेंडूमागे रस्त्यात आलं. ड्रायव्हरला ते दिसून ब्रेकवर पाय जायला साधारण एक सेकंद लागतो. ताशी 30 किलोमीटरनं येणारी गाडी त्या सेकंदात आठ मीटर पुढे जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी पाचेक मीटरात थांबते. एकूण तेरा मीटर. ताशी 50 नं येणारी गाडी त्या एका सेकंदातच जवळजवळ चौदा मीटर जाते. म्हणजे पहिली गाडी जिथे थांबून उभी आहे, तिथे दुसऱ्या गाडीचा ब्रेक अजून लागलेलाच नाही. ती पोराला पूर्ण वेगानं धडकते. वेगातला वीसाचा फरक स्पीडोमीटरवर बोटभर दिसतो.

सरासरी वेग एका टक्क्यानं वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतात 2022 मध्ये रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. त्यांतले सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू सरकारी अहवालानं अतिवेगाच्या खात्यावर टाकले आहेत. त्याच वर्षी महाराष्ट्रात पंधरा हजारांहून जास्त बळी गेले. त्यात गाडीच्या पत्र्याआड बसलेले कमी आणि दुचाकीवरचे व पायी जाणारे जास्त.

इतकं असूनही कायद्यानं वस्तीतल्या रस्त्यावर किती वेग चालतो? केंद्र सरकारच्या एप्रिल 2018 च्या अधिसूचनेप्रमाणे महापालिका हद्दीतल्या रस्त्यावर मोटारीला ताशी 70 किलोमीटर, दुचाकी आणि मालवाहू गाड्यांना 60, तीनचाकीला 50. ही कमाल मर्यादा आहे आणि राज्याला किंवा स्थानिक अधिकाऱ्यांना ती खाली आणता येते. पण ती मुद्दाम खाली आणावी लागते. कोणी हात लावला नाही तर गल्लीतसुद्धा कागदोपत्री साठ-सत्तरचीच मुभा राहते. पोलीस गल्लीत येऊन वेग का तपासत नाहीत याचं निम्मं उत्तर इथेच मिळतं. गल्लीतल्या आजीला जो वेग अंगावर धावून येणारा वाटतो तो पुष्कळदा बेकायदेशीर नसतोच.

म्हणून मग उंचवटा. त्याची जन्मकथा मोठी मजेदार आहे. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात आर्थर हॉली कॉम्प्टन कुलपती होते. हे तेच, क्ष-किरणांवरच्या कामासाठी नोबेल मिळवणारे भौतिकशास्त्रज्ञ. विद्यापीठाच्या आवारातल्या गाड्यांचा वेग पाहून ते वैतागले आणि 1953 मध्ये त्यांनी वाहतूक आवरणाऱ्या उंचवट्यांचा आराखडा स्वतःच तयार केला. पुढे 1973 च्या सुमारास ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत वॉट्स नावाच्या अभियंत्यानं निरनिराळ्या आकारांचे उंचवटे करून त्यांवरून गाड्या नेऊन पाहिल्या. त्याला जे आढळलं ते आजही बऱ्याच ठेकेदारांना ठाऊक नसतं. उंचवटा आखूड आणि उभट असेल तर मोटार जितकी वेगात जाते तितका आतल्या माणसाला धक्का कमी जाणवतो, कारण चाकं वर उडून खाली येतात आणि स्प्रिंगा तो झटका गिळून टाकतात. उलट उंचवटा लांब आणि सपाट असेल तर वेगाबरोबर धक्का वाढत जातो. वॉट्सनं सुचवलेला आकार होता साधारण बारा फूट लांब आणि चार इंच उंच.

भारतीय रस्ते काँग्रेसनं 1988 मध्ये गतिरोधकांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत नेमकी हीच मापं आहेत: 3.7 मीटर रुंदी, 10 सेंटिमीटर उंची, 17 मीटर त्रिज्येची वक्रता. अशा गतिरोधकावरून ताशी 25 किलोमीटरनं जाणाऱ्याला त्रास होत नाही. त्याहून जोरात जाणाऱ्याला होतो, आणि व्हायलाच हवा. गतिरोधकाच्या अलीकडे सूचनाफलक आणि त्याच्या अंगावर काळे-पांढरे पट्टे हवेत. रस्ता लांब असेल तर एकाच उंचवट्यानं भागत नाही, शंभर-सव्वाशे मीटरवर पुढचा लागतो, नाहीतर ड्रायव्हर एक ओलांडून मधल्या जागेत हरवलेला वेळ भरून काढतो. 2018 मध्ये या पुस्तिकेची सुधारित आवृत्ती निघाली आणि तिचा विषय नुसता गतिरोधक राहिला नाही, वाहतूक शांत करण्याचे सगळेच उपाय तिच्यात आले.

ही मापं घेऊन जळगावच्या किंवा धुळ्याच्या कुठल्याही कॉलनीत टेप लावून पाहावं. सापडतो तो बहुधा हातभर रुंद, वीतभर उंच सिमेंटचा बांध, नाहीतर स्क्रूनं ठोकलेली रबरी पट्टी, जिचे मधले तुकडे वर्षभरात उखडून गेलेत आणि दुचाकीवाल्यांनी त्या फटीतून स्वतःची वाट काढली आहे. ज्याला आवरायचं तोच सुटतो. रिक्षातल्या गरोदर बाईची, कंबरदुखीच्या म्हाताऱ्याची आणि रुग्णवाहिकेची मात्र सुटका नाही. रावेर-सावद्याकडून केळी भरून येणाऱ्या टेम्पोवाल्याला विचारलं तर तो आधी बेवारस गतिरोधकांना शिव्या घालील आणि मग बाकीचं बोलेल.

हा नुसता गैरसोयीचा प्रश्न नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकड्यांनुसार 2015 मध्ये देशात खड्ड्यांमुळे 3,416 आणि गतिरोधकांमुळे 3,409 माणसं मेली. खड्डा आणि त्यावरचा लोकप्रिय उपाय, दोघांची कामगिरी जवळजवळ सारखी! 2016 मध्ये मंत्रालयानं राष्ट्रीय महामार्गांवरचे गतिरोधक काढून टाकायला सांगितलं. ते तांत्रिकदृष्ट्या बरोबरच होतं; ताशी ऐंशीनं येणाऱ्या गाडीला अचानक आडवा उंचवटा म्हणजे सापळा. पण महामार्गालगत ज्यांची शाळा किंवा बसथांबा आहे त्यांना त्याऐवजी काय देणार, हा प्रश्न अधांतरीच राहिला.

धुळे जिल्ह्याला या प्रश्नाचं भयानक रूप 4 जुलै 2023 रोजी दिसलं. शिरपूर तालुक्यात मुंबई-आग्रा महामार्गावर पळासनेर इथे ब्रेक निकामी झालेला एक कंटेनर आधी वाहनांना धडकला आणि मग बसथांब्याजवळच्या हॉटेलात घुसला. किमान दहा जण गेले. मध्य प्रदेशाच्या सीमेवरचा बिजासन घाट उतरून येणारी अवजड वाहनं आणि उताराच्या पायथ्याशी थेट महामार्गाला भिडलेलं गाव, अशी ती जागा. तिथे गतिरोधकानं काही झालं नसतं. अशा ठिकाणी उतारावरच सुटलेल्या ट्रकला अडवणारी वाळूची चढण लागते, बसथांबा महामार्गापासून आत घ्यावा लागतो, गावातली येजा वेगळ्या रस्त्यावर न्यावी लागते. वस्तीतली वाहतूक शांत करणं आणि महामार्गावरची सुरक्षा ही दोन वेगळी शास्त्रं आहेत. आपल्याकडच्या बैठकांत ती सर्रास एकाच पत्रात लिहिली जातात.

कॉलनीतल्या लोकांनी स्वतःच अडथळे उभारायचे, यात खानदेशाचं काही वेगळेपण नाही. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट शहरात 1960 च्या दशकाच्या अखेरीस नेमकं असंच सुरू झालं. रहिवाशांनी रस्त्यात झाडांच्या कुंड्या, बाकं आणि वळणं आणली. गाडीला जायला वाट होती, पण सरळ नव्हती. त्या काळात नेदरलँड्समध्येही परिस्थिती वाईट होती. 1971 या एका वर्षात देशभरात तीन हजारांहून अधिक लोक रस्त्यावर मेले आणि त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले. फरक पडला तो पुढच्या पावलात. नगरपालिकेनं ते अडथळे उखडून टाकण्याऐवजी त्यांचं नीट रेखाटन केलं, आणि 1976 मध्ये सरकारनं अशा रस्त्यांना कायद्यात जागा दिली. त्या रस्त्यावर पायी चालणाऱ्याचा हक्क आधी, गाडी पाहुणी. आपल्याकडे रात्रीतून उगवलेला बांध एक तर पाडला जातो किंवा दुर्लक्षित राहतो. त्याच्यामागची तक्रार कोणी मोजत नाही.

आणि कोणी मोजायची? जळगाव आणि धुळे या दोन्ही नगरपालिकांच्या महापालिका झाल्या 2003 मध्ये. दोन्हीकडे पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे वाहतूक शाखा जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या हाताखाली आणि वाहतूक वळवण्याचे किंवा बंद करण्याचे आदेश पुष्कळदा जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीनं. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचं कार्यालय वेगळं, सार्वजनिक बांधकाम विभागाचं वेगळं, आरटीओ आणखी वेगळं. या सगळ्यांना एका टेबलाभोवती आणायला जिल्हा रस्ता सुरक्षा समिती आहे. ती जिल्हाभरातले अपघातप्रवण टापू पाहते. राष्ट्रीय महामार्गावर असा टापू ठरायला साधारण पाचशे मीटरच्या लांबीत तीन वर्षांत पाच गंभीर अपघात किंवा दहा मृत्यू व्हावे लागतात. निकष कठोर आहे, पण सरकारी खर्चाला काही निकष लागतोच. कॉलनीतला कोपरा मात्र, जिथे दर महिन्याला कोणी ना कोणी गुडघे फोडून घेतं, त्या यादीत कधीच बसत नाही.

मधल्या काळात नगरसेवकही नव्हते. 2018 मध्ये निवडून आलेल्या दोन्ही सभागृहांची मुदत 2023 मध्ये संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. नगरसेवकाला लोक कितीही नावं ठेवोत, गल्लीच्या तोंडाशी काय चाललंय हे त्याच्या दारात जाऊन सांगता येतं. प्रशासकाला निवेदन द्यावं लागतं आणि आवक क्रमांक जपून ठेवावा लागतो.

रस्त्याचा मालक कोण हा प्रश्न किती चमत्कारिक कारणानं ऐरणीवर येऊ शकतो, हे जळगावनं 2017 मध्ये पाहिलं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2016 मध्ये महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आतली दारूची दुकानं बंद करायला सांगितली होती. हेतू मद्यपी ड्रायव्हरांमुळे होणारे अपघात रोखण्याचा. त्यावर शहरांतून जाणारे राज्य मार्गांचे तुकडे महापालिकेकडे वर्ग करण्याची युक्ती निघाली. रस्ता महामार्ग राहिलाच नाही, तर दुकान महामार्गालगत कसं? जळगावात या हस्तांतरावरून मोठा गदारोळ झाला, कारण कर्जानं वाकलेल्या महापालिकेच्या गळ्यात देखभालीचा खर्च पडणार होता. जुलै 2017 मध्ये न्यायालयानं महापालिका हद्दीतल्या रस्त्यांना आदेश लागू नसल्याचं स्पष्ट केलं आणि सगळी धावपळ निष्कारण ठरली. पण त्या गदारोळात एक गोष्ट फारशी कोणी बोललं नाही. रस्ता महापालिकेच्या ताब्यात येणं म्हणजे त्याची रुंदी, पदपथ, झाडं आणि वेग ठरवण्याची मुभाही येणं. चर्चा झाली ती दुकानांची आणि डांबराच्या खर्चाची.

धुळ्याकडे वळलं तर चित्र पालटतं. धुळे हे तसं आखीव शहर. 1818 मध्ये खानदेश इंग्रजांच्या हाती आल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्जनं 1819 मध्ये धुळ्याला मुख्य ठाणं केलं, कारण पुण्याकडून उत्तर हिंदुस्थानात जाणारा मोठा रस्ता इथून जात होता. जुन्या धुळ्याशेजारी त्यानं सरळ समांतर गल्ल्यांची नवी पेठ आखून घेतली. त्या गल्ल्या आजही क्रमांकांनी ओळखल्या जातात. पाच नंबरची गल्ली, सहा नंबरची गल्ली असा पत्ता सांगताना धुळेकराला काही वावगं वाटत नाही. सरळ गल्ली गाडीला वेग घ्यायला सोयीची असते खरी, पण जुन्या गल्ल्यांची रुंदी, ओटे आणि दारातल्या उभ्या गाड्या तो घेऊ देत नाहीत. वेगाची तक्रार जास्त येते ती देवपूर किंवा साक्री रोडकडच्या नव्या, मोकळ्या वसाहतींतून. तिथे ऐंशी फुटी, शंभर फुटी अशा नावांचे रस्ते आहेत, म्हणजे नावातच रुंदी.

जुन्या आग्रा रोडचं उदाहरण तर अभ्यासण्याजोगं. मुंबई-आग्रा महामार्ग शहराबाहेरून गेला आणि आतला तुकडा धुळ्याची मुख्य बाजारपेठ झाला. पाचकंदीलच्या परिसरात संध्याकाळी गाडी पहिल्या गिअरच्या वर जात नाही. हातगाड्या, लोटगाड्या, दुकानांबाहेर मांडलेला माल, उभ्या दुचाक्या. दर काही महिन्यांनी महापालिकेचं पथक येतं, अतिक्रमण काढतं, आणि आठवड्याभरात सगळं पुन्हा जागेवर. वेगाच्या दृष्टीनं हा रस्ता पूर्ण शांत आहे. चालणाऱ्याच्या दृष्टीनं नाही, कारण त्याला चालायला जागाच उरत नाही, आणि आग लागली तर बंब आत शिरणार कसा हा प्रश्न राहतोच. कोंडी म्हणजे शांतता नव्हे. 2014 च्या पथविक्रेता कायद्यानं फेरीवाल्यांसाठी शहर समिती आणि नेमून दिलेल्या जागा यांची तरतूद केली आहे. ती नीट राबवली आणि शंभर-दीडशे मीटरचा पट्टा ठराविक वेळी गाड्यांना बंद ठेवून पाहिला तर आग्रा रोडचा धंदा बुडेल की वाढेल, यावर व्यापारी आणि अधिकारी दोघांनाही हातात काही पुरावा घेऊन बोलता येईल. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर 2021 पासून 11 डिसेंबरला पादचारी दिन पाळला जातो. एका दिवसाचा प्रयोग आहे, पण त्यामुळे निदान वाद कल्पनेवर चालत नाही.

महामार्ग बाहेर गेल्यावर आतल्या रस्त्याचं काय होतं, हा धडा जळगावलाही घ्यायचा आहे. पाळधी ते तरसोद असा शहराबाहेरचा वळणरस्ता म्हणजे अवजड वाहनांची शहरातून सुटका. पण ट्रक गेले की मागे काय उरतं? चौपदरी, दुभाजकाचा, गुळगुळीत रस्ता, आणि त्यावर आधीपेक्षा कमी गाड्या. मोकळा रुंद रस्ता वेगाला आमंत्रण देतो. कोंडीत वीसनं रखडणारी मोटार तिथे साठनं जाऊ लागते. कमी गाड्या म्हणजे कमी अपघात, हे गृहीत धरणं म्हणून धोक्याचं. खोटेनगर ते कालिंका माता हा पट्टा तेव्हा महामार्ग राहणार की शहराचा रस्ता होणार, हे आत्ता बोलायला हवं. शहराचा रस्ता करायचा तर प्रत्येक पदर साडेतीन मीटरचा ठेवायची गरज नाही, तीन मीटरनं भागतं. उरलेल्या जागेत सायकलींना आणि पायी चालणाऱ्यांना हक्काची पट्टी मिळते. रस्ते काँग्रेसचीच 2012 ची पादचाऱ्यांविषयीची पुस्तिका पदपथाची मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर आणि उंची 15 सेंटिमीटरपेक्षा जास्त नको म्हणते. आपल्याकडचे कित्येक पदपथ गुडघ्याइतके उंच असतात, म्हणून म्हातारी माणसं खालून, डांबरावरून चालतात.

कॉलन्यांसाठी उपाय स्वस्त आहेत आणि त्यांतले बरेचसे उंचवटे नाहीतच. गल्लीचं तोंड अरुंद करणं. कोपऱ्याची गोलाई कमी करणं, म्हणजे वळताना गाडीला वेग सोडावाच लागतो. शाळेसमोरचं पट्ट्यांचं क्रॉसिंग पदपथाच्या पातळीपर्यंत उचलणं, म्हणजे मुलं सपाट चालतात आणि गाडी चढते. हे सगळं आधी रंग, कुंड्या आणि प्लॅस्टिकच्या शंकूंनी महिनाभर करून पाहता येतं. जमलं तर सिमेंट, नाही जमलं तर कुंड्या उचलायच्या. अधिकाऱ्यांनाही हे सोयीचं, कारण फसलेल्या प्रयोगाची निविदा काढलेली नसते.

राहता राहिला पुरावा. बहुतेक निवेदनांत "भरधाव वाहने" एवढंच लिहिलेलं असतं, आणि त्यावर साहेबाला काहीच करता येत नाही. त्याऐवजी रस्त्याच्या कडेला 25 मीटर अंतरावर खडूच्या दोन खुणा कराव्यात आणि मोबाइलचं घड्याळ लावून बसावं. गाडीला दोन खुणांमधलं अंतर कापायला तीन सेकंद लागले तर वेग ताशी 30. एक सेकंद आणि आठ दशांश लागले तर 50. दीड सेकंदात गेली तर 60. शाळा सुटायच्या वेळी शंभर गाड्यांची नोंद झाली की त्यांतल्या पंच्याऐंशी गाड्या ज्या वेगाच्या आत राहिल्या तो आकडा काढावा. अभियंते रस्त्याचा वेग ठरवताना हाच आकडा वापरतात. तो आणि जागेचा नकाशा जोडून निवेदनाची एक प्रत महापालिकेला, एक वाहतूक शाखेला आणि एक जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला द्यावी, आवक शिक्का घेऊन. आणि मागणीत नुसतं "गतिरोधक" न लिहिता 3.7 मीटर, 10 सेंटिमीटर, फलक आणि पट्टे हेही लिहावं, म्हणजे ठेकेदाराचं बिल मंजूर करताना कोणाला तरी टेप काढावा लागेल.